तू खोडायला लावलेली ओळ

आक्का, तुझ्यासाठी रडायला पुष्कळ माणसं आली. भांडायला मात्र मी एकटीच उरले आहे, तेव्हा ते काम मी करते. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. तू होतीस तेव्हा मी तुझ्याशी कधी धड गोड बोलले नाही, आता एकदम गोडवा कुठून आणू? तुला जाऊन आज बारा दिवस झाले आणि माझा राग काही उतरायचं नाव घेत नाही. जेवायला बसले की येतो, वर्गात फळ्यासमोर उभी राहिले की येतो, आणि पाणी प्यायला पेला उचलला की हमखास येतो.

सुरुवात दादाने केली. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या मिरजोळ्याच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. जलदानविधीला काय काय लागेल, बौद्धाचार्य कोणाला बोलवायचं, जेवण किती माणसांचं, असं चाललं होतं. दादा म्हणाला, "विमलच्या नावाने काहीतरी वाटायला पायजे. लोकांच्या उपयोगाचा." मग त्यालाच सुचलं. तुझा फोटो वर आणि खाली तुझे उन्हाळीवरचे घरगुती उपाय. मिरजोळ्यापासून मंडणगडपर्यंत ज्या बाईला म्हणून लघवीला जळजळ झाली तिने तुझं धण्याचं पाणी प्यालेलं आहे. बसलेल्या सगळ्या बायांनी माना डोलावल्या. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "संध्या, तुझ्याकडं तो कागद असंल ना? तूच लिवलेलास."

आहे. माझ्याकडेच आहे. माझ्याच अक्षरात आहे.

त्या कागदाबद्दल सांगायचं तर आधी माझ्या उन्हाळीबद्दल सांगावं लागेल. मी नोकरीला लागले त्या वर्षी, मंडणगडच्या वरच्या अंगाच्या एका गावात शाळा मिळाली होती. दोन खोल्या, एक ओटा, मागे काजूची झाडं. मास्तर काजूमागे जायचे, मुलं कुठेही जायची, मी कुठेच जायची नाही. तीन महिन्यांनी एका शनिवारी घरी आले ती दाराच्या कडीला धरून उभी राहिले. आई विचारतेय काय झालं, मी काही सांगेना. तू माझ्या तोंडाकडे एकदा बघितलंस आणि मला न्हाणीघराकडे ओढलंस. "आग होते? थेंब थेंब होते? सकालपास्नं कितींदा गेलंस?" मी म्हटलं, आता घरी येऊन जाणार होते. "म्हंजे दिवसभर गेलीच नाय?" आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की मी कळ विसरले. "गाडव शिकून मास्तरीन झाला. मूत धरून ठेवतंस?"

तो धपाटा मला तुला परत करायचा होता, आक्का. तो राहून गेला.

त्या दोन दिवसांत तू माझी जी सेवा केलीस ती मी विसरलेली नाही. धणे-जिरे भरडून माठातल्या पाण्यात भिजवलेस, सकाळी गाळून त्यात खडीसाखर घातलीस आणि तासातासाला भांडं माझ्या तोंडाला लावलंस. दुपारी नाचणीची पातळ आंबील, संध्याकाळी शेजारच्या झाडाचं शहाळं. मी कण्हत होते आणि तू मला मोठ्याने एकेक गोष्ट सांगत होतीस, जी ऐकून माझे कान लाल झाले. धुताना पुढून मागे धुवायचं, मागून पुढे नाही. आतले कपडे सुती घालायचे, उन्हात वाळवायचे, लाजून साडीच्या घडीखाली ओले ठेवायचे नाहीत. "आनि लगीन झाल्यावर नवऱ्याकडनं उठलीस की आधी लघवीला जायचा. मंग झोप." ही गोष्ट तोवर मला आईने सांगितली नव्हती आणि डी.एड.च्या पुस्तकात नव्हती. तू नववी नापास. सोमवारी मी तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे गेले, कारण तूच पाठवलंस. "पान्यानं आग कमी व्हईल, पन आत काय हाय ता पान्याला कसा कलनार?" असं तू म्हणालीस. तू. तुझ्या तोंडचं वाक्य आहे हे. तेव्हा तुला कळत होतं.

मग तू भावजींच्या मागे मिरजोळ्याला आलीस, ते गेल्यावर एकटीने पल्लवीला वाढवलंस आणि कोळंबी सोलायच्या कंपनीत लागलीस. मी तोवर बदली घेऊन रत्नागिरीत आलेली. रविवारी तुझ्याकडे आले की ओट्यावर तुझ्या कंपनीतल्या बाया बसलेल्या असायच्या. सगळ्यांची रड एकच. बर्फात हात घालून आठ तास उभं राहायचं, गारठ्याने लघवी सारखी लागते आणि जाता येत नाही. जायचं तर गमबूट काढा, प्लॅस्टिकचा अॅप्रन काढा, हातमोजे, टोपी, मास्क काढा, जाऊन या, परत सगळं चढवा, औषधाच्या पाण्यात हात बुडवा, पाय बुडवा, मग टेबलावर. शिवाय प्रत्येक टेबलाला एकच बिल्ला. तो गळ्यात असेल तीच बाहेर जाणार, ती आली की दुसरी. दहा बाया आणि एक बिल्ला. सुपरवायझर घड्याळ बघत उभा. त्याला तोंडाने काही बोलायचीही गरज पडत नसे म्हणे, नुसतं मनगट वर करायचा.

त्या बाया तुला विचारायच्या आणि तू त्यांना सांगायचीस. एकदा सुरेखा म्हणाली, "वैनी, ता समदा कागदावर लिवून द्या ना. आमी कपडं बदलायच्या खोलीत लावू." सुरेखा तुझ्या टेबलावर तुझ्या डाव्या हाताला उभी राहायची, हे मी तिला बघायच्या आधीपासून ऐकून होते. तू लगेच मला कामाला लावलंस. मी शाळेतून आणलेला पांढरा कागद घेतला, पट्टीने समास आखला, वर ठळक मथळा काढला: उन्हाळी लागू नये म्हणून. आणि तू न सांगता पहिली ओळ मीच लिहिली. "लघवी लागली की लगेच जावे, धरून ठेवू नये."

ओट्यावर वाचून दाखवली. मग सुरेखा फिसकन हसली, तिच्यामागून सगळ्याच हसल्या. पदर तोंडात घालून हसल्या. एक म्हणाली, "बाई, ही वळ सायबाला द्या वाचायला." तूही हसलीस. हसून झाल्यावर मला म्हणालीस, "संद्ये, ती वळ काढ. जी करता येत नाय ती लिवायची कशाला?"

आणि मी काढली. चोवीस वर्षं मुलांच्या वह्या तपासणाऱ्या बाईने, लाल पेनाने, पट्टी ठेवून सरळ रेष मारली. तेवढ्यावर थांबलीस का तू? नाही. म्हणालीस, त्या जागी लिही, कामावर जाताना गालात आमसूल धरावे, तहान लागत नाही. तेही मी लिहिलं. नवा कागद घेऊन सुवाच्य लिहिलं. खोडलेला जुना कागद दप्तरात टाकला आणि नवा तुम्ही नेऊन भिंतीवर डकवलात. मग कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. गुहागरहून पल्लवीच्या सासूने मलाच पाठवला, "बघा किती छान माहिती आहे" म्हणून.

आमसुलाची युक्ती मला नवी नव्हती. आंबट तुकडा गालात असला की तोंडाला पाणी सुटतं आणि घसा ओला वाटतो. देहाला फसवायची ती एक तऱ्हा. माझ्याही पर्समध्ये आमसुलाची डबी होती आणि ती का, हे तुला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तू शेवटच्या भांडणात ते काढलंस.

पण त्याआधी तुझ्या त्या हिशेबाबद्दल बोलू दे, कारण तो आठवला की माझं डोकं सटकतं. दिवसा सुकं, संध्याकाळी ओलं. हा तुझा नियम. सकाळी घोटभर चहा, कंपनीत आमसूल, आणि घरी आलीस की पायरीवर बसून धण्या-जिऱ्याच्या पाण्याचा अख्खा तांब्या, वर कोकमाचं सरबत, वर आणखी एक तांब्या. दिवसभराचं एकदम. तू एकटी नाही, तुझं बघून अख्खं टेबल असंच करायला लागलं. मी म्हटलं होतं, "आक्का, माणूस म्हणजे काय माठ आहे, संध्याकाळी भरला की झालं?" तू म्हणालीस, "उंट पन तसाच पितो, तुझ्या पुस्तकात हाय." मला हसू आलं. तुझं असंच असायचं. भांडण रंगात आलं की काहीतरी बोलून हसवायचीस आणि मुद्दा तिथेच मरायचा. मला हसायला नको होतं. मी तिथे उठून तुझा तांब्या अंगणात भिरकावून द्यायला हवा होता.

कारण उपाय खोटे नव्हते, हेच तर दुखतं. धण्याचं पाणी काही विष नाही. आंबील, शहाळं, सुती कपडे, पुढून मागे धुणं, सगळं बरोबर होतं. तू फक्त त्यातलं मुख्य काढून टाकलंस आणि उरलेल्यावर विश्वास ठेवलास. आणि लाल पेन माझ्या हातात होतं.

त्या शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी मी फोन केला तेव्हा तुझे दात वाजत होते. मला फोनमधून ऐकू येत होतं. तू म्हणालीस, "काय झाला नाय मना. बरफाचा गारठा बसलाय. काढा घेतलाय." मी विचारलं, कंबर दुखते का? म्हणालीस, उभी राहून कोणाची दुखत नाही? मी विचारलं, लघवीला त्रास आहे का? त्यावर तू जरा थांबलीस. ते थांबणं मी ऐकलं, आक्का. आणि मग मी ओरडायला लागले. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा, मी येते, रिक्षा घेऊन येते. मला माझीच शिकवलेली विद्या शिकवू नकोस असं काहीतरी तू बोललीस. मी म्हटलं, "विद्या कसली, आमसूल चोखायची?" तेव्हा तू थंडपणे विचारलंस, "तुझ्या शालंत संडासाची किल्ली हेडमास्तराच्या खिशात असते ना गो? तू कितींदा मागतंस ती?"

मी फोन ठेवला. बुधवारी शाळा सुटल्यावर तुझ्याकडे यायचं मनात होतं, रिक्षाने कितीसा वेळ लागतो. पण मी फुगले होते. म्हटलं, कळू दे हिला, दोन दिवस हिला फोनच करत नाही. हा माझा बुधवार. तो मी जन्मभर उगाळत बसणार आहे.

गुरुवारी सुरेखाचा फोन आला की वैनी काहीतरी भलतंच बोलतायत, उठत नाहीत. दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. तुला आत नेल्यावर त्याने मला विचारलं, "किती दिवसांपासून त्रास होता यांना?" मी म्हटलं, "दोन दिवस." माझ्या मागे सुरेखा उभी होती, अंगाला कोळंबीचा वास, कामावरून तशीच निघून आलेली. ती हळूच म्हणाली, "दोन दिवस नाय हो. दोन वरसं." महिन्या दोन महिन्यांनी तुला जळजळ व्हायची, ती तू पाण्याने शमवायचीस, आणि टेबलावरच्या सगळ्यांना शपथ घातली होतीस, संध्याला सांगू नका, ती बोंबलंल. डॉक्टर म्हणाला, लघवीतला जंतू वर मूत्रपिंडात गेला आणि तिथून रक्तात उतरला. लवकर आणलं असतं तर, असं त्याने सुरू केलं आणि माझ्या तोंडाकडे बघून सोडून दिलं. शुक्रवारी दुपारी तू गेलीस. इतकी साधी गोष्ट. लाज वाटावी इतकी साधी.

मी बोंबलले असते म्हणून मला सांगितलं नाहीस. बोंबलायलाच तर असते बहीण! दुसरी कोण बोंबलणार होती तुझ्यासाठी?

दादाने कागद मागितला तेव्हा हे सगळं ताजं होतं. मी म्हटलं, तो कागद छापायचा नाही. दादा म्हणाला, का? मी म्हटलं, ती त्याच कागदाने गेली. दादाला हे सहन होईना. "काय बोलतंस कळतंय का? लोकांनी काय म्हनायचा, दुसऱ्याला उपाय सांगनारी स्वतः त्यातच गेली?" मी म्हटलं, "हेच म्हणायचं. हेच छापायचं." तो रागाने उठून बाहेर गेला. मुंबईहून आलेला माणूस, चाळीस वर्षं नोकरी करून थकलेला, त्याला बहिणीच्या नावाने एक चांगलं काम करायचं होतं आणि मी त्यावर बोट ठेवलं. मला त्याची दया आली नाही. तेव्हा मला कोणाचीच येत नव्हती.

त्याच आठवड्यात पल्लवीने मला बाजूला घेतलं. तुझी पोर, पाचवा महिना लागलेली, रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, आईचं ते पाणी... धणे किती वेळ भिजवायचे गं?" मी विचारलं, कोणाला हवंय? ती जायला वळली. आक्का, मी तिच्यावर अशी ओरडले की बाहेर बसलेली माणसं आत आली. कधीपासून जळजळ आहे? सासरी कोणाला सांगितलंस? डॉक्टरला? "आई गेलीय आनि मी काय लघवीचा सांगू लोकांना?" असं म्हणून ती हमसून रडायला लागली. मी तिला तशीच रिक्षात घातलं. तपासणीत जंतू निघाले, गोळ्या दिल्या, गरोदरपणात चालणाऱ्या. आता बरी आहे. परत येताना मी तिला कुशीत घेतलं आणि तिच्या पाठीत एक हलकाच धपाटा घातला. तुझा होता तो. तुला पोचवायचा राहिला म्हणून तिला दिला.

घरी येऊन दप्तर उपसलं. तो जुना, खोडलेला कागद तळाशी चुरगळून पडला होता. लाल रेघेखालची ओळ स्वच्छ वाचता येत होती. मी नवा मजकूर लिहायला बसले. आमसूल काढून टाकलं. ती ओळ पहिली घेतली. मग दिवसभर थोडं थोडं पाणी, पुढून मागे धुणं, सुती कपडे, आणि ते लग्नानंतरचंही लिहिलं, लाजले नाही. धण्याचं पाणी ठेवलं, पण खाली लिहिलं की ताप, थंडी, कंबरदुखी, गरोदरपण किंवा पुन्हा पुन्हा होणारा त्रास असेल तर घरी एक दिवसही काढू नये, डॉक्टरकडे जावे. आणि शेवटी लिहिलं, "हे सर्व विमलला माहीत होते. तिला कामावर लघवीला जाता येत नव्हते आणि तिने ते कोणाला सांगितले नाही."

कागद दादाच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून दोनदा वाचला. मला वाटलं फाडतो. तो चष्मा काढून म्हणाला, "आई पन तशीच जायची. दिवस उजाडायच्या आत एकदा, दिवस मावळल्यावर एकदा. मधे नाय. वाडीतल्या सगळ्या बाया तशाच. आमाला कधी इचारावासा वाटला नाय." आणि तो कागद खिशात घालून छापखान्यात गेला. एक अक्षर बदललं नाही त्याने. म्हणजे तू हे कंपनीत शिकली नव्हतीस. आपल्या घरात शिकून आली होतीस, आणि मीही.

रविवारी जलदानविधी झाला. पांढऱ्या कपड्यातली माणसं, तुझा फोटो, मेणबत्त्या. त्रिसरण, पंचशील झालं. मग बौद्धाचार्यांनी आम्हाला पुढे बोलावलं. दादाच्या हातात तांब्या, आम्ही सगळ्यांनी त्याच्या हाताला हात लावलेला, आणि गाथा चालू असताना खालच्या वाटीत पाणी ओतायचं, वाटी भरून वाहू लागेपर्यंत. तांब्या तुझाच होता. पायरीवर बसून तू पाणी प्यायचीस तो. वाटी भरली, ताटात सांडली, ताट भरलं, तरी धार चालूच. सगळे हात जोडून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. आता देतोय आम्ही हिला पाणी. आता कसं भरून वाहतंय बघा. मी दादाचा हात असा दाबला की धार वाकडी झाली. पल्लवीने माझं मनगट धरलं.

जेवणं लवकर उरकली, कारण कंपनीतल्या बायांना दोनची पाळी होती. माल आला की त्यांना रविवार नसतो. सात जणी आल्या होत्या, तुझ्या टेबलावरच्या. प्रत्येकीच्या हातात तुझा छापलेला फोटो, आणि त्याखाली माझी ओळ. मी ताटात पाण्याचे पेले घेऊन गेले. सुरेखाने हात आडवा केला. "नको बाई. आता डुटी हाय."

मी तिथेच उभी राहिले. दुसरीनेही मान हलवली, तिसरीनेही. एकीचा गाल फुगलेला होता. मला वाटतं मी तेव्हा किंचाळलेच असणार, कारण दादा धावत आला. मी म्हटलं, "थुंक ते आमसूल. हिच्या फोटोसमोर थुंक." ती बिचारी घाबरून गेली. मग मी ताट खाली ठेवलं आणि सुरेखासमोर बसले. तिला म्हटलं, त्या दिवशी ओट्यावर तुम्ही हसलात म्हणून मी ती ओळ खोडली. आज कोणी हसू नका. पाणी प्या.

सुरेखा माझ्याकडे बघत म्हणाली, "पिते. पन चार वाजता मना लागंल, बाई. बिल्ला दुसरीच्या गल्यात असंल. मंग मी काय करू, ता सांगा." मी फक्त पेला पुढे धरून बसले. हात भरून आला तरी धरला. शेवटी तिने घेतला आणि एका दमात प्याली. मग बाकीच्या सहा जणीही प्याल्या, औषध प्यावं तशा तोंडं वाकडी करून, आणि तुझ्या फोटोला हात जोडून कामावर गेल्या.

काल सकाळी सुरेखा शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मला धडकी भरली, वाटलं हिला कामावरून काढलं. तिने सांगितलं ते असं. रविवारीच चार वाजता तिला लागली. बिल्ला समोरच्या बाईच्या गळ्यात होता आणि ती अजून आली नव्हती. सुरेखाने सुरी खाली ठेवली. तिने ठेवलेली बघून बाजूचीने ठेवली. मग सातही जणी टेबल सोडून निघाल्या. सुपरवायझरने मनगट वर केलं. एकीला दाखवायचं घड्याळ सात जणींना कसं दाखवायचं ते त्याला कळेना. तो नुसताच तसा उभा राहिला. पुढे काय करील ठाऊक नाही, पण रविवारी तो उभा राहिला.

त्यांनी गमबूट काढले, अॅप्रन टांगले, रांगेने जाऊन आल्या, परत सगळं चढवलं, हात बुडवले, पाय बुडवले आणि टेबलावर आल्या. सुरेखाने जाताना भिंतीवरचं घड्याळ बघून ठेवलं होतं आणि आल्यावर परत बघितलं. हे सांगताना ती रडायला लागली, मला आधी कळेचना का.

नऊ मिनिटं लागली, आक्का. सातही जणींना मिळून नऊ मिनिटं.